भागीचे तिकीट

उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठचे एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. कपाशीची पहिली वेचणी झाली आहे. चार पैसे हातात आले आहेत. संध्याकाळची वेळ आहे. पारावर माणसे बसली आहेत. बोलणे फिरून फिरून पैशावरच येते. तेवढ्यात शाळेचे गुरुजी येतात.

"गुरुजी, एक विचारू का जी?"

"विचारा की."

"एकट्यानं लॉटरीचं तिकीट घेतलं तर लागत नाही. म्हणून आम्ही वीस जणं भागीत घ्याव म्हणतो. माणशी दहा रुपये, दर आठवड्याला. वीस तिकिटं येतील. मंग तर लागन ना?"

दुसरा म्हणतो, "दहा रुपयानं काय होते? चहाचे पैसे ते."

जवळच्या ओट्यावर एक मावशी वाती वळत बसलेली असते. ती म्हणते, "चहा पोटात तरी जाते, भाऊ."

सगळे हसतात. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वीस घरांतले पैसे त्यात जाणार आहेत. तेव्हा तो नीट समजून घेऊ.

लॉटरी म्हणजे सोडत. सरकार तिकिटे छापते. प्रत्येक तिकिटावर वेगळा नंबर असतो. ठरलेल्या दिवशी अधिकारी आणि पंच यांच्यासमोर नंबर काढतात. ज्याचा नंबर जुळला त्याला बक्षीस. केरळ सरकारने लॉटरीचे खाते १९६७ साली काढले. त्याची पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला झाली. तिकीट एक रुपयाचे होते. पहिले बक्षीस पन्नास हजारांचे होते. आपल्या महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. चोरटा जुगार कमी व्हावा आणि तो पैसा लोकांच्या कामाला यावा, असा सरकारचा हेतू सांगितला गेला. जुगार कमी झाला की नाही, हे ज्याने त्याने आपल्या गावाकडे पाहून ठरवावे.

आता मूळ प्रश्न. तिकीट लागण्याची आशा किती?

समजा, एका सोडतीची दहा लाख तिकिटे आहेत. दहा लाख हा आकडा ऐकायला सोपा, पण डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून ज्वारी घेऊ. ज्वारीचे हजार दाणे साधारण तीस ग्रॅम भरतात. म्हणजे दहा लाख दाणे झाले तीस किलो. तीस किलो ज्वारी पोत्यात भरा. त्यातला एक दाणा लाल रंगवा. तो पोत्यात टाका आणि पोते चांगले हलवा. आता डोळे बांधून एक दाणा काढा. तो लाल निघाला तर पहिले बक्षीस तुमचे. हे झाले एकट्याचे तिकीट.

वीस जणांची भागी म्हणजे काय? वीस दाणे काढायचे. वीस दाणे म्हणजे नुसती चिमूट. आशा वीस पटीने वाढली, हे खरे आहे. त्यात काही खोटे नाही. पण तीस किलोच्या पोत्यातून एक दाणा काढला काय आणि चिमूटभर काढले काय, लाल दाणा बहुतेक पोत्यातच राहतो.

हिशेब पुढे नेऊ. आठवड्याला वीस तिकिटे. वर्षाचे आठवडे बावन्न. वर्षाला झाली एक हजार चाळीस तिकिटे. नेवाशाला ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती १२९० साली. त्याला आता सातशे पस्तीस वर्षे होऊन गेली. त्या वर्षापासून एखाद्या भागीने पिढ्यान्‌पिढ्या, एकही आठवडा न चुकता, वीस-वीस तिकिटे घेतली असती तर आजपर्यंत पहिले बक्षीस एकदा तरी लागले असते काय? लागले असते किंवा नसतेही. नाणे उडवून छापा-काटा करावा, तसाच तो प्रश्न आहे.

पारावरचा माणूस म्हणतो, "म्हणजे भागीनं काहीच फरक पडत नाही म्हणता?"

फरक पडतो. पण कुठे पडतो ते पाहू. वीस जणांनी आपापले एकेक तिकीट वेगळे घेतले, तरी गावात तिकिटे वीसच आली. त्यातले एखादे लागण्याची आशा तेवढीच राहिली. भागी केल्याने पोत्यातून एक दाणाही जास्त निघत नाही. भागीत ठरते ते एवढेच, की ज्याचे लागेल त्याने ते वीस जणांत वाटायचे. आशा वीस पट झाली, पण वाटा विसावा झाला. वीस लाखांचे बक्षीस लागले तर तुमच्या हाती एक लाख. एका हाताने आले ते दुसऱ्या हाताने गेले.

लहान बक्षिसांची गोष्ट थोडी वेगळी आहे. समजा, शेवटचे दोन आकडे जुळले तर शंभर रुपये, असे बक्षीस आहे. एका तिकिटाला ते शंभरात एकदा लागेल. वीस तिकिटांचे शेवटचे आकडे वेगवेगळे असतील, तर सरासरीने पाच आठवड्यांत एकदा लागेल. लागले की पारावर आनंद होतो. "लागायला लागलं बाप्पा!" असे जो तो म्हणतो. पण पाच आठवड्यांत भागीने टाकले किती? दोनशेप्रमाणे हजार रुपये. आले शंभर. आणि ते शंभरही कोणी घरी नेत नाही. त्यांची पुन्हा तिकिटेच येतात. मनात आलेले शंभर राहतात, गेलेले हजार राहत नाहीत.

अशी भागी खरोखर लागल्याचे उदाहरणही आहे. ते सांगितले नाही तर सगळा हिशेब एकतर्फी होईल.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यात परप्पनंगाडी नावाचे गाव आहे. तिथे नगरपालिका आहे. तिथल्या अकरा बाया घरोघर फिरून प्लॅस्टिकचा कचरा गोळा करायचे काम करीत. २०२३ साली त्यांनी पावसाळ्याच्या मोठ्या सोडतीचे एक तिकीट घ्यायचे ठरवले. तिकीट अडीचशे रुपयांचे होते. एवढे पैसे एकीजवळही नव्हते. मग नऊ जणींनी पंचवीस-पंचवीस रुपये काढले. दोघींनी मिळून पंचवीस काढले, म्हणजे साडेबारा-साडेबारा. झाले अडीचशे. जुलै महिन्यात सोडत निघाली आणि त्या तिकिटाला पहिले बक्षीस लागले. बक्षीस दहा कोटींचे होते.

ही गोष्ट साऱ्या देशात गाजली. गाजण्यासारखीच होती. पण तिच्यातल्या दोन बारीक गोष्टी बघण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, त्या बायांनी अकरा तिकिटे घेतली नाहीत. अकरा जणींत एकच घेतले. त्यांच्या भागीने तिकिटे वाढली नाहीत, प्रत्येकीचा खर्च कमी झाला. भागीचा खरा उपयोग असेल तर तो इथे आहे. दुसरी गोष्ट वाट्याची. कोणी किती दिले हे आधीच स्पष्ट होते. पंचवीस रुपयांचा एक वाटा, असे दहा वाटे. साडेबारावाल्या दोघींचा मिळून एक वाटा. बक्षीस लागल्यावर मोजायला काही उरले नाही.

आणि त्याच सोडतीला ज्यांचे काही लागले नाही अशी तिकिटे लाखांनी होती. त्यांतही अशाच भागी असतील. त्यांची बातमी कोणी छापत नाही. पोत्यातला लाल दाणा सगळ्यांना दिसतो. बाकीची ज्वारी कोण मोजणार?

दहा कोटी लागले म्हणजे दहा कोटी हाती आले, असेही नाही. केरळात बक्षिसातून आधी तिकीट विकणाऱ्याची दलाली वजा होते. मग प्राप्तिकर. लॉटरीच्या बक्षिसावर शंभराला तीस रुपये कर आहे आणि त्यावर उपकर वेगळा. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, तशी सूट इथे नाही. बक्षीस दहा हजारांच्या वर असले की कर कापूनच पैसे देतात. तिकीट विकतानाही त्यावर वस्तू व सेवा कर असतो. तो मार्च २०२० पासून सगळ्या लॉटऱ्यांवर शंभराला अठ्ठावीस झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो चाळीस केला गेला. शिवाय छपाई आहे, दुकानदाराचे कमिशन आहे, सरकारचा नफा आहे. हे सगळे तिकिटाच्या पैशांतूनच निघते. उरेल त्याची बक्षिसे. म्हणून सगळ्या तिकीटवाल्यांनी मिळून जेवढे टाकले, तेवढे सगळ्यांना मिळून कधीच परत येत नाही. यात फसवणूक नाही. लॉटरीची घडणच तशी आहे.

आता वर्षाचा हिशेब करू. माणशी दहा रुपये, बावन्न आठवडे. पाचशे वीस रुपये झाले. २०२५ च्या खरिपात कपाशीच्या बीटी बियाण्याच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली वरची किंमत नऊशे एक रुपये होती. म्हणजे अर्ध्या पाकिटाहून जास्त पैसे एकेका घरातून गेले. वीस घरांचे मिळून दहा हजार चारशे. ते गावातून बाहेर गेले.

"पण गुरुजी, एकदा सुरू केल्यावर मधातच सोडायचं कसं?"

हा प्रश्न खरा आहे. भागीची खरी गाठ इथेच बसते. एकट्याने तिकीट घेणारा केव्हाही थांबू शकतो. भागीतला माणूस थांबू शकत नाही. त्याच्या मनात येते, मी सोडले आणि त्याच आठवड्यात लागले तर? एकोणीस जण गाडीतून जातील आणि मी चिखलात उभा राहीन. मग घरात तेल आणायला पैसे नसले तरी तो दहा रुपये देतो. कधी उसने आणून देतो. हे दहा रुपये तो लागण्याच्या आशेने देत नाही. एकटा मागे राहण्याच्या भीतीने देतो. दारूच्या दुकानात जाणाऱ्याला निदान नशा येते. याला तीही नाही.

तेवढ्यात ओट्यावरची मावशी पुन्हा बोलते. "आमच्या बायकांची भिशी आहे. वीस जणी आहोत. आमची चिठ्ठी दर वेळी लागते."

लोक हसतात, पण मावशी खरे तेच बोलली. भिशीतही वर्गणी असते, चिठ्ठी असते, नशीब असते. वीस जणींनी दहा-दहा रुपये टाकले की दोनशे जमले. चिठ्ठी काढली. जिचे नाव निघाले तिला दोनशे मिळाले. पुढच्या खेपेला तिची चिठ्ठी बाजूला. वीस खेपांत प्रत्येकीला एकदा दोनशे मिळणारच. नशिबाचा भाग एवढाच, की कोणाला आधी आणि कोणाला मागून. कोणाचा रुपया बुडत नाही. अर्थात, एक धोका भिशीतही आहे. आधी पैसे उचलून पुढची वर्गणी न देणारी एखादी निघाली की भिशी मोडते. म्हणून भिशी ओळखीच्या माणसांत असावी, लहान असावी आणि वहीत लिहिलेली असावी. तोंडी हिशेबावर चाललेली भिशी भांडणाशिवाय संपत नाही.

लिहिण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. एवढे ऐकूनही कोणाला भागीत तिकीट घ्यायचेच असेल, तर ते कायद्याने गुन्हा नाही. सरकारी तिकीट आहे, खुशाल घ्यावे. पण कागद करून घ्यावे. तिकीट लागले नाही तर भांडण होत नाही. लागले की होते. सख्खे भाऊ बांधासाठी कोर्टात जातात, तर वीस लाखांसाठी वीस जण काय करतील?

कागद साधा असला तरी चालेल. सोडतीच्या आधी करायचा, नंतर नाही. त्यावर तारीख घालायची. तिकिटाचा नंबर आणि मालिका लिहायची. पैसे देणाऱ्यांची नावे आणि प्रत्येकाने दिलेली रक्कम लिहायची. या आठवड्यात ज्याने पैसे दिले नाहीत त्याचा या तिकिटात वाटा आहे की नाही, हेही लिहायचे. सर्वांत जास्त भांडणे यावरूनच होतात. "मी उद्या देतो म्हणलो होतो ना?" असे तो म्हणतो आणि बाकीचे म्हणतात, दिले कुठे? मग सगळ्यांनी सह्या करायच्या. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा सही करण्याआधी कागद स्वतः वाचायचा. आपले नाव आणि आपली रक्कम बोट ठेवून पाहायची. दुसरा वाचून दाखवतो म्हणाला तरी.

तिकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो प्रत्येकाने आपल्या मोबाईलमध्ये घ्यावा. पण पैसे फोटोवर मिळत नाहीत, तिकिटावर मिळतात. तिकीट भिजले, फाटले, उंदराने कुरतडले, तर बक्षीस हातचे जाऊ शकते. बक्षीस मागायला मुदत असते. ती तिकिटामागे छापलेली असते. त्या मुदतीत कोणी मागितले नाही तर ते पैसे सरकारजमा होतात. १९९८ च्या लॉटरी कायद्यात तसे कलम आहे. बक्षीस ज्याच्या नावाने मागितले जाते, कर त्याच्याच नावाने कापला जातो. म्हणून कोणाच्या नावाने मागायचे हे आधी ठरवावे. वाटे कसे पडणार हे कागदावर असले म्हणजे त्या माणसालाही पुढे जाब द्यायला सोपे जाते.

आणखी एक. लॉटरीच्या नावाखाली जे जे चालते ते सगळे लॉटरी नसते.

मटका किंवा आकडा ही लॉटरी नव्हे. त्याचे मूळ कापसाच्या धंद्यात आहे, हे आपल्या भागात पुष्कळांना माहीत नसते. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव उघडताना आणि बंद होताना जो निघे, तो तारेने मुंबईला येई. त्या भावाच्या आकड्यांवर मुंबईत पैज लागे. १९६१ साली ते बंद झाले. मग लोकांनी मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. मडके म्हणजे मटका. कापूस पिकवणारा घाम गाळी आणि त्याच्या भावाच्या शेपटावर दुसराच कोणी पैसे लावी! मटका हा जुगार आहे. १८८७ च्या जुगारबंदीच्या कायद्याखाली त्याला शिक्षा आहे. सरकारी लॉटरीत नुसत्या एका आकड्यावर बक्षीस देता येत नाही. १९९८ च्या कायद्याने ते बंद आहे. तेव्हा एका आकड्यावर पैसे मागणारा माणूस सरकारी तिकीट विकत नाही, एवढे ओळखावे.

'दर महिन्याला पाचशे भरा, सोडतीत मोटारसायकल मिळवा' असल्या योजना गावोगाव फिरतात. अशा बक्षीस योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. पहिली दोन-तीन बक्षिसे चौकात वाजतगाजत देतात. नंतर दुकानाला कुलूप दिसते.

केरळच्या त्या बायांची गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, आपणही केरळचे तिकीट मागवू. फोनवर तसे तिकीट विकतो म्हणणारे पुष्कळ आहेत. पण केरळची लॉटरी कागदाच्या तिकिटावरच चालते आणि ते तिकीट केरळातच विकत मिळते. फोनवर येतो तो नुसता फोटो. तोच फोटो किती जणांना पाठवला, कोण सांगणार?

आणि 'तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली, आधी कराचे पैसे भरा' असा निरोप आला तर स्वतःला एकच विचारावे, मी तिकीट घेतले होते का? घेतले नसेल तर लागेल कसे? सरकार कर कापते ते बक्षिसातून. आधी भरायला सांगत नाही.

गुरुजींचे सांगून झाले. पारावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग पहिलाच माणूस म्हणाला, "मावशी म्हणते तसं केलं तर? दहातले नऊ भिशीत टाकू. एक रुपया तिकिटाले. वीस जणांत दोन तिकिटं येतील. तेवढी हौस बी होते."

नऊ गुणिले वीस, एकशे ऐंशी. एका पोराने दप्तरातली वही आणून तिथेच हिशेब मांडला. नावे लिहिली. वीसपैकी सोळा जणांनी सह्या केल्या. चौघांनी अंगठे दिले. त्यातला एक म्हणाला, "पुढच्या खेपेले सही करीन, आतुक्सा वेळ द्या."

ती दोन तिकिटे ठेवायची कोणाकडे, यावर मात्र त्या रात्री बराच वेळ बोलणे चालले.